आई पडली हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं

"कधी पडल्या होत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडल्या नाहीत," मी म्हणाले.

"पडल्या आहेत," ते म्हणाले आणि त्यांनी कम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला.

उल्हासनगरमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, न्यूरोसर्जनच्या केबिनमध्ये मी बसले होते. बाहेर व्हीलचेअरवर माझी आई पेंगत होती. स्क्रीनवर तिच्या डोक्याचा सीटी स्कॅन होता. कवटीच्या आत, उजव्या बाजूला, एक करडा पट्टा दिसत होता. मध्ये जाड, टोकांना निमुळता. मेंदूच्या मधोमध जी सरळ रेघ दिसायला हवी, ती डावीकडे ढकलली गेली होती. हे बघायला डॉक्टर असावं लागत नाही.

"याला क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. ते सिंधी होते, मराठी चांगलं बोलत होते आणि मध्येच हिंदीत शिरत होते. "मेंदूच्या वरच्या आवरणाखाली साचलेलं रक्त. नवीन रक्त स्कॅनमध्ये सफेद दिसतं. हे पुराना आहे, तीन-चार हफ्ते तरी झालेत. अम्मा कुठे तरी पडल्या आहेत, मॅडम. तुम्हाला माहीत नसेल, वो अलग बात है."

मला राग आला. आईच्या बाबतीत मला माहीत नाही असं काही असू शकतं, हेच मला पटेना. कात्रपच्या वन-बीएचकेमध्ये आम्ही दोघीच राहतो. मी बावन्न वर्षांची, ती अठ्ठ्याहत्तरची. तिला रोज किती साखर लागते इथपासून ती कोणत्या नातेवाइकाशी बोलत नाही आणि का बोलत नाही इथपर्यंत मला सगळं पाठ आहे.

पण राग आला तरी एक गोष्ट झाली. गेल्या तीन आठवड्यांत ज्यांनी ज्यांनी मला "वय झालंय" असं सांगितलं होतं, ते सगळे चूक होते. आणि मी बरोबर होते. अशा वेळी असं वाटणं बरं दिसत नाही, पण वाटलं ते वाटलं.

हे मी कशासाठी लिहितेय ते आधीच सांगते. तुमच्या घरात एखादं थकलेलं, वाळलेलं, हळू चालणारं माणूस असेल आणि ते अचानक वेगळं वागायला लागलं असेल, तर तुम्हालाही लोक हेच सांगतील. ऐकू नका.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. आमच्याकडे बॅच बिघडली की "होतं असं कधी कधी" असा शेरा मारता येत नाही. कालपर्यंत ठीक होती आणि आज बिघडली, तर मधे काय झालं ते शोधावंच लागतं. आयुष्यभर हेच केल्यामुळे माझा स्वभावही तसाच झालाय. माझ्या भावाच्या मते मी लग्नाची स्थळंही अशीच तपासली, म्हणून एकही पास झालं नाही.

आईची सुरुवात चपलेपासून झाली. डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटायला लागली. ती म्हणाली, चप्पल सैल झालीय. नवी आणली, तीही निसटायला लागली. मग डोकं दुखू लागलं. मग दुपारची झोप लांबली, ती पाच-साडेपाचपर्यंत गेली. चहाचा कप डाव्या हातातून दोनदा पडला. एकदा तिने भाजीत मीठ घातलं आणि थोड्या वेळाने पुन्हा घातलं. आणि त्यावर हसली नाही. माझी आई स्वतःच्या चुकीवर आधी स्वतः हसते, मग बाकीच्यांना हसू देते. ते हसू गेलं, तेव्हा मी घाबरले.

फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपी पाहिलं, साखर पाहिली, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर म्हणजे काही कमी नाही, ताई. वयाचा भाग आहे."

मी म्हटलं, "गेल्या महिन्यात त्या सत्त्याहत्तर वर्षं आणि अकरा महिन्यांच्या होत्या. तेव्हा चप्पल पायात राहत होती."

ते हसले. मी विनोद केलेला नव्हता.

दुसऱ्या डॉक्टरांनी आईला काही प्रश्न विचारले. आज वार कोणता, शंभरातून सात-सात वजा करत जा. आईने वार बरोबर सांगितला, वजाबाकी अर्धी केली आणि म्हणाली, "मला झोप आलीय." त्यांनी डिमेन्शियाची, म्हणजे विसरत जाण्याच्या आजाराची, सुरुवात आहे असं सांगून गोळी लिहून दिली. मी विचारलं, डिमेन्शिया तीन आठवड्यांत येतो का? ते म्हणाले, घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. मी विचारलं, मग चप्पल? ते म्हणाले, वेगळं असेल, सांध्यांचं. म्हणजे डोक्याचं कारण वेगळं, पायाचं वेगळं, हाताचं वेगळं, आणि सगळी कारणं एकाच महिन्यात एकाच बाईकडे राहायला आली.

शिवाय आईला हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास आहे. त्यासाठी ती रक्त पातळ करणारी गोळी रोज घेते. ही गोळी चालू आहे, हे मी दोन्ही डॉक्टरांना सांगितलं. दोघांनी ते लिहून घेतलं. दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, "त्या पडल्या होत्या का?" अर्थात विचारलं असतं तरी मी ठणकावून नाही म्हटलं असतं.

मी दुसऱ्या डॉक्टरांना म्हटलं, मला डोक्याचा सीटी लिहून द्या.

"कशासाठी लिहू? काहीतरी कारण लागतं."

"लिहा, मुलगी हट्टी आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही. बाहेर सात-आठ पेशंट थांबले होते आणि मी काही हलणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. शेवटी त्यांनी लिहिलं. काय कारण लिहिलं ते मला आजही वाचता येत नाही.

स्कॅन झाला त्याच दुपारी आम्हाला उल्हासनगरला पाठवलं. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

केबिनमधून बाहेर आले आणि आईसमोर गुडघ्यावर बसले. "आई, तू पडली होतीस का?" तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. ते मिटणं मला झोपेचं वाटलं नाही.

मी कमलमावशींना फोन लावला. कमलमावशी आमच्या बुद्धविहारातल्या. मूळच्या चामटोलीच्या, आता आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने आमच्या विहारात संध्याकाळी वंदना होते आणि नंतर ग्रंथवाचन. वाचायला आई. गेली कित्येक वर्षं आईच. तिने तरुणपण उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यात काढलं आणि अक्षरं लग्नानंतर माझ्या वडिलांकडून शिकली. त्यामुळे तिला वाचनाचा भारी अभिमान. पांढरी साडी नेसून, पाठ ताठ ठेवून, एकेका शब्दावर नीट पाय देत वाचते. ज्यांना वाचता येत नाही त्या बायका तिच्यापुढे मांडी घालून बसतात आणि ज्यांना येतं त्याही बसतात.

"कमलमावशी, आई कधी पडली होती का?"

मी पुन्हा हाक मारली.

"मावशी?"

"वैशू, तिनी शपथ घातली होती गं," मावशी म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून मी जे ऐकलं ते असं. वर्षावास सुरू झाला त्याच आठवड्यात, वाचनाआधी बायकांनी विहाराची फरशी धुतली होती. आई लवकर पोचली. ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि तिच्या डोक्याची बाजू दाराच्या चौकटीवर आपटली. रक्त आलं नाही, शुद्ध गेली नाही. बायकांनी उचललं, पाणी दिलं, खोबरेल लावलं. आई उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "वैशूला सांगू नका. ती मला येऊ द्यायची नाही." मग तिने त्या दिवशीचं वाचन केलं. पूर्ण.

पंधरा-वीस बायकांना हे माहीत होतं. त्यातल्या निम्म्या मला रोज बाजारात, जिन्यात, स्टेशनवर "जय भीम" करत होत्या.

"आणि वाचताना काही चुकत होतं का तिचं?" मी विचारलं.

"नंतर नंतर चुकायला लागलं. वळीचा पयला शब्दच खायची. डावीकडचा. मग मी बाजूला बसायला लागले. वळीवर बोट ठेवायचे. ती कुठं अडली की हळूच सांगायचे. बाकीच्यांना कळू दिलं नाय आम्ही. तिला लाज वाटली असती ना गं."

माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही. मी फोन बंद केला. त्यांनी प्रेमाने केलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे तर जास्त संताप आला. कोणी वाईटपणा केला असता तर भांडता आलं असतं. इथे एका बाईचा मेंदू दाबला जात होता आणि तिच्या मैत्रिणी मान राखत होत्या.

मी परत केबिनमध्ये गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. डावीकडचे शब्द गळत होते हे ऐकताच ते खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "गाठ उजवीकडे आहे. उजवा मेंदू डावीकडचं बघतो, डावा हात-पाय चालवतो. चप्पल, कप, शब्द, सब एकच आहे." मला वाटलं, चला, कारणं अखेर एका घरात राहायला आली.

त्यांनी जे समजावलं ते मी तुमच्यासाठी सोप्या शब्दांत लिहिते. वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो. कवटी तेवढीच राहते. मधल्या जागेत ज्या बारीक शिरा असतात त्या ताणल्या जातात. अशात डोक्याला हलकासा धक्का बसला तरी एखादी शीर फाटते आणि रक्त थेंबाथेंबाने झिरपतं. आत जागा असल्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. तरुण माणूस पडला की उलटी होते, शुद्ध हरपते, घरचे धावतात. म्हातारं माणूस उठून बसतं, चहा पितं. टेंगूळही नसतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी. मग काही आठवड्यांनी ते माणूस पेंगायला लागतं, अडखळायला लागतं, तेव्हा ते पडणं कुणाच्या लक्षात नसतं.

"म्हणून आम्ही सांगतो," डॉक्टर म्हणाले, "म्हातारा माणूस पडला, डोकं लागलं, आणि ही गोळी चालू आहे, तर स्कॅन करा. तब्येत छान दिसते म्हणून सोडू नका."

मग त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं. बर होल, म्हणजे कवटीला छोटी भोकं पाडून साचलेलं रक्त बाहेर काढायचं आणि एक-दोन दिवस नळी ठेवायची. त्याआधी गोळीचा परिणाम उतरवावा लागणार होता. गोळी थांबवली की हृदयाचा धोका वाढतो, चालू ठेवली की डोक्याचा. ऑपरेशननंतर रक्त पुन्हा साचू शकतं. या वयात फुफ्फुसाचं इन्फेक्शन होऊ शकतं. त्यांनी काही लपवलं नाही. ऑपरेशन न करणं हाही निर्णयच आहे आणि त्याचेही परिणाम असतात, हेही सांगितलं. आईचा डावा पाय आणखी जाईल, झोप वाढत जाईल, आणि एक दिवस ती उठणार नाही.

नाशिकला भावाला फोन केला. मिलिंद माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मनाने हळवा आणि निर्णयाला कच्चा. "तायडे, या वयात तिच्या डोक्याला भोकं पाडायची? तिला त्रास नको देऊ गं. शांतपणे राहू दे."

"शांतपणे राहत नाहीये ती. दाबली जातेय."

"तुला कायम सगळं दुरुस्तच करायचं असतं."

"हो. मोडलंय म्हणून."

तो म्हणाला, "मी येतो. तोवर सही करू नको." मी फोन ठेवला. नातेवाइकांचेही फोन आले. एका काकांनी सांगितलं की त्यांच्या ओळखीतल्या एकाला ऑपरेशननंतर जास्तच झालं. एका वहिनींनी विचारलं, "एवढं करून किती वर्षं मिळणार?" मी विचारलं, "तुम्हाला किती मिळणार आहेत?" त्यांनी अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही. माझी काही तक्रार नाही.

खरं सांगते, बाहेरून मी वाघासारखी गुरगुरत होते आणि आतून मी घाबरले होते. मिलिंदचं बरोबर असेल तर? ती टेबलावरच गेली तर मी आयुष्यभर काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद आला. संमतीचे कागद घेऊन डॉक्टर आईच्या कॉटजवळ आले. आम्ही बहीण-भाऊ कॉटच्या दोन बाजूंना उभे राहून दबक्या आवाजात भांडत होतो. या आजारात माणूस दिवसभर सारखं नसतं. पेंगतं, मग मध्येच अर्धा-एक तास लख्ख होतं. आईचा तो अर्धा तास त्या वेळी आला.

"कशावरून चाललंय?" ती म्हणाली.

मिलिंद म्हणाला, "काही नाही, आई. तू आराम कर."

"माझ्या डोक्यावरून चाललंय ना? मग मला सांगा."

डॉक्टर आमच्याकडे बघायचे थांबले आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. त्यांनी तिला सगळं सांगितलं, जे मला सांगितलं होतं तेच, एकही धोका न गाळता. मला हे फार आवडलं. तोवर प्रत्येकाने तिच्याबद्दल माझ्याशीच बोलून घेतलं होतं, ती समोर असताना.

"नाही केलं तर मला वाचता येईल?" आईने विचारलं.

"नाही, अम्मा."

"केलं तर?"

"बहुतेक येईल. गॅरंटी मी देत नाही."

आई मिलिंदचा हात धरून म्हणाली, "बाळा, मी शिकले तेव्हा पण सगळे म्हणाले होते, या वयात कशाला. तेव्हा तर तिशीची होते मी." आणि डॉक्टरांना म्हणाली, "साईं, कर डालो."

शिलाई कारखान्याच्या सिंधी मालकाशी ती अशीच बोलायची. डॉक्टर मोठ्याने हसले. मिलिंद खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. कागदांवर सही मी केली, पण होकार तिचा होता.

गोळीचा परिणाम उतरेपर्यंत वाट बघावी लागली. हॉस्पिटलातलं हे थांबणं फार वाईट. काही करता येत नाही आणि काही सुचत नाही. वेटिंग रूममधल्या टीव्हीवर कायम कोणती तरी सासू कोणत्या तरी सुनेकडे डोळे वटारत असे. मी आणि मिलिंद एकमेकांशी न बोलता तेच बघत बसायचो. ऑपरेशनच्या दिवशी त्याने दोन चहा आणले आणि एक माझ्यापुढे ठेवला. आमच्यात समेट असाच होतो.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांची टोपी अजून डोक्यावरच होती. "झालं," ते म्हणाले. "आतलं रक्त इंजिन ऑइलसारखं काळं होतं. मेंदू परत वर येतोय." मी त्यांना नमस्कार केला. मला रडू येत होतं आणि ते मी थांबवलं नाही.

लगेच सगळं छान झालं, असं मात्र नाही. डोक्यातून नळी, तिला आडवंच राहायचं. पहिले दोन दिवस ती पार गोंधळलेली. मला कारखान्यातली कुणी बाई समजून "बॉबीन दे गं" म्हणायची. हातातलं सलाइन उपसून काढायला बघायची. मिलिंद माझ्याकडे बघायचा, तोंडाने काही म्हणायचा नाही, पण मला ऐकू यायचं. याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे मोठ्या आजारानंतर होणारा तात्पुरता भ्रम, आणि तो बहुतेकांचा उतरतो असं नर्सने सांगितलं. तुमच्यावर ही वेळ आली तर हे ध्यानात ठेवा. माणूस गेलं असं वाटतं तेव्हा ते गेलेलं नसतं.

नळी काढल्यानंतरच्या सकाळी तिने डाव्या हाताने डोक्यावरचं बँडेज चाचपलं आणि मला म्हणाली, "किती केस काढले माझे? सांग खरं."

"अर्धे."

"मग उरलेले पण काढायचे होते. अर्धवट काम कशाला?" आणि ती हसली.

घरी आल्यावर विहारातल्या बायका भेटायला आल्या. फळं, फुलं, आणि सगळ्यांच्या पुढे मान खाली घालून कमलमावशी. मी दार उघडलं, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. त्या गेल्यावर आईने मला हाक मारली.

"कमलशी बोल."

"नाही बोलणार. तू मेली असतीस."

"तिला मी बांधलं होतं. तुला राग यायचा तर माझा येऊ दे."

"तुझाही आहे. पडलीस हे मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

मी डॉक्टरकडे नेलं असतं, असं म्हणायला तोंड उघडलं. पण तिच्यापुढे मला खोटं जमत नाही. डॉक्टरकडे नेलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर सोडलं नसतं. विहार बंद, बाजार बंद, जिना बंद. तिच्यासाठी बाई ठेवली असती आणि बाईला सांगितलं असतं, लक्ष ठेव.

"बघ," आई म्हणाली. "मग कोण सांगेल?"

त्या दिवशी आमच्यात ठरलं. पडली तर ती सांगेल, लगेच, मी कुठेही असले तरी. आणि सांगितल्याबद्दल तिला शिक्षा होणार नाही. घरात कोंडायचं नाही, रडायचं नाही, "म्हणत होते ना" असं म्हणायचं नाही. शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

बाकी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. मागे पट्टा असलेली चप्पल. काठी, जी तिने आधी नाकारली आणि मग बसमध्ये सीट मिळते म्हणून घेतली. विहारात आता फरशी सकाळीच धुतात आणि दारापाशी रबरी मॅट आहे. कमलमावशींशी मी बोलले. त्यांनी मला मिठी मारली आणि दोघीही जरा जास्तच रडलो. पुढचा स्कॅन चांगला आल्यावर डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू केली. का सुरू करायची, धोका काय, हे या वेळीही त्यांनी आधी आईला सांगितलं.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "पडलात का?" असं विचाराल तेव्हा आवाज कसा आहे ते बघा. डॉक्टरांनो, तुम्हीही विचारा, आणि मुला-सुनांना बाहेर बसवून विचारा. वय हा काही आजार नाही, तो शेरा आहे, आणि तपासल्याशिवाय शेरा मारू नका. आमच्या कंपनीत त्यासाठी नोकरी जाते.

गेल्या महिन्यात मी लॅबमध्ये असताना फोन वाजला. आई.

"वैशू, मी पडले."

मी खुर्ची शोधली.

"चामटोलीला आलेय, कमलच्या भाचीकडे. ओट्यावरून उतरताना पडले. डोकं भिंतीला लागलंय, आवाज आला. चक्कर नाही, उलटी नाही, पण त्यावर जाऊ नकोस, गोळी चालू आहे माझी. रिक्षात बसलोय आम्ही. तू सरळ हॉस्पिटलला ये."

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आईच्या डोळ्यांत टॉर्च मारला, हात दाबायला लावले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी एकदम फिट दिसतायत. घरी नेऊन लक्ष ठेवलंत तरी चालेल."

"मी इथे आहे," आई म्हणाली. "रक्त पातळ करायची गोळी घेते. मागे याच डोक्याचं ऑपरेशन झालंय. स्कॅन लिहा."

त्यांनी लिहिला. स्कॅन स्वच्छ आला. त्यांनी खबरदारी म्हणून तिला एक दिवस ठेवून घेतलं आणि पुन्हा स्कॅन केला, तोही स्वच्छ. इतकी चांगली बातमी असूनही घरी येताना रिक्षात मी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर कराराच्या बाहेरचंच बोलले असते.

दोन दिवस तिने माझ्या समाधानासाठी घरात काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती साडी नेसून, काठी घेऊन हॉलमध्ये आली. म्हणाली, "अंबरनाथला जाऊन येते. कारखान्यातल्या शांताबाईला बघायला. तिला बरं नाहीये."

एकटी? या उन्हात? परवा पडलीस ना? सगळं जिभेवर आलं होतं. ती दारात थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं आणि काय ऐकायला लागेल याची तिला धास्ती होती, तीही दिसत होती.

"पाण्याची बाटली घे," मी म्हणाले.

ती गेली. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ती गेटमधून बाहेर पडली, कोपऱ्यावर रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली, जिंकली आणि बसली. वर बघितलं नाही. पुन्हा पडेल ती कधीतरी. मला सांगेल.